निळ्या पाटीचा शोध

लपवलेली वस्तू शोधण्याचा खेळ तुम्ही पुष्कळदा खेळला असाल. हातात एक चिठ्ठी येते. तिच्यावर लिहिलेले असते, 'तुळशीपाशी पाहा.' तुळशीपाशी दुसरी चिठ्ठी मिळते. ती म्हणते, 'जेथे पाणी गार होते तेथे जा.' मग सारे जण माठाकडे धावतात. शेवटच्या चिठ्ठीपाशी खाऊचा पुडा सापडतो आणि एकच गलका होतो.

हाच खेळ घराच्या अंगणाऐवजी एखाद्या जुन्या वस्तीत खेळला तर? तेथे चिठ्ठ्या लपवायच्या नाहीत. घरे, पूल, खांब, पाट्या यांनाच चिठ्ठ्या मानायचे आणि कोडी मात्र मोबाइल फोनवर वाचायची. अनेक देशांतील मुले आणि मोठी माणसे असा खेळ खेळतात. त्याला आपण 'शोधयात्रा' म्हणू. या यात्रेत पुढे चालणारा वाटाड्या नसतो. फोनवर पहिले कोडे दिसते. त्यात सांगितलेली जागा शोधायची, तेथे नीट पाहायचे आणि उत्तर लिहायचे. उत्तर बरोबर आले की पुढचे कोडे उघडते. दमलात तर बाकावर बसा, भूक लागली तर डबा खा. घाई नसते.

हा खेळ मोबाइल फोनपेक्षा फार जुना आहे, बरे का! इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचे मोठे माळरान आहे. तेथील जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एका दूरच्या, दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली. तेथवर चालत जाणाऱ्याने तिच्यात आपल्या नावाची चिठ्ठी टाकायची. पुढे अशा लपवलेल्या पेट्या शोधण्याचा लोकांना छंदच लागला. मे २००० मध्ये अमेरिकेत एकाने जंगलात एक बादली लपवली आणि ती नेमकी कोठे आहे, हे आकड्यांनी सांगितले. उपग्रहांच्या मदतीने जागा दाखवणारे यंत्र हातात घेऊन लोक तिच्यापर्यंत पोचले.

फोनला जागा कशी कळते? पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह फिरत असतात. ते सतत वेळेचे संदेश पाठवतात. आपला फोन निदान चार उपग्रहांचे संदेश पकडतो. कोणता संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून प्रत्येक उपग्रह किती दूर आहे ते काढतो आणि त्यावरून आपण कोठे उभे आहोत ते ठरवतो. पण त्यात काही मीटरांची चूक राहते. उंच इमारतींच्या दाटीत ती आणखी वाढते. म्हणजे फोन आपल्याला घरापुढे नेऊन सोडतो. त्या घराकडे पाहायचे काम मात्र आपल्याच डोळ्यांना करावे लागते.

चला तर, आज आपण मनानेच अशा एका शोधयात्रेला जाऊ. ही वस्ती आहे ब्रिटनची राजधानी लंडन येथील. तिचे नाव प्रिमरोज हिल. वसंत ऋतूत फुलणाऱ्या एका फिक्या पिवळ्या फुलाला प्रिमरोज म्हणतात, आणि हिल म्हणजे टेकडी. या टेकडीभोवतीच्या गल्ल्यांत आपल्याला पाच कोडी सोडवायची आहेत. तीन नियम लक्षात ठेवा. फोनकडे पाहत चालायचे नाही. थांबायचे, वाचायचे, फोन खिशात ठेवायचा आणि मग चालायचे. कोणाच्या घराची घंटा वाजवायची नाही, कारण त्या घरांतून माणसे राहतात. आणि मोठ्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय निघायचे नाही.

आपण चॉक फार्म नावाच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकातून बाहेर आलो आहोत. हे स्थानक १९०७ साली सुरू झाले. त्याच्या दर्शनी भिंतीवर गडद लाल, चकचकीत फरशा बसवलेल्या आहेत, त्यामुळे ते दुरूनही ओळखू येते. फोनवर पहिले कोडे आले आहे :

'मी गोल आहे, पण चेंडू नव्हे. माझ्या पोटात इंजिने फिरत, पण मी गिरणी नव्हे. आता माझ्या पोटात गाणी घुमतात. मी कोण?'

स्थानकापासून थोडे चालले की विटांची एक प्रचंड गोल इमारत दिसते. हे राउंडहाउस. १८४७ साली ते रेल्वेची इंजिने ठेवण्यासाठी बांधले. इमारत गोल का? आत मध्यभागी एक मोठी फिरती चकती होती. इंजिन चकतीवर उभे करायचे, चकती फिरवायची आणि त्याला हव्या त्या जागी ढकलायचे. बैलगाडीच्या चाकात आऱ्या असतात ना, तशा इंजिनांच्या जागा चकतीभोवती होत्या. काही वर्षांतच नवी इंजिने लांब होऊ लागली. ती येथे मावेनात. मग इमारतीचे गोदाम झाले. आता तेथे नाटके आणि गाण्यांचे कार्यक्रम होतात. काम बदलले, पण आकार राहिला. त्या आकारामुळेच आपल्याला जुने काम ओळखता आले.

आता मागे फिरू आणि रेल्वेमार्गावरचा पूल ओलांडू. या मार्गावर १८३७ साली आगगाडी धावू लागली. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ साली, म्हणजे सोळा वर्षांनी सुरू झाली. पुलापलीकडे फोनवर दुसरे कोडे येते :

'राजाच्या नावाच्या रस्त्यावर मी सम क्रमांकाचे घर आहे. माझा क्रमांक हाताच्या सगळ्या बोटांइतका. माझ्या भिंतीवर निळी गोल पाटी आहे. तिच्यावरचे आडनाव महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे.'

लंडनमधील बहुतेक रस्त्यांवर एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम क्रमांकांची घरे असतात. हे समजले की अर्धे कोडे सुटते. राजाच्या नावाचा रस्ता म्हणजे किंग हेन्रीज रोड. दोन्ही हातांची बोटे दहा. १०, किंग हेन्रीज रोड. भिंतीवरची निळी पाटी वाचा. तिच्यावर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे नाव आहे. सामाजिक न्यायासाठी लढणारे हे भारतीय १९२१-२२ मध्ये येथे राहत होते, असे ती पाटी सांगते.

बाबासाहेब येथे कसे आले? ते प्रथम १९१६ साली लंडनला शिकायला आले. पण बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट सोडून त्यांना भारतात परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी आणि नवल भथेना या मित्राने मदत केली. १९२० साली ते पुन्हा लंडनला आले. या वेळी गाठीला पैसे थोडे होते आणि वेळही थोडा होता. सकाळी ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत वाचत बसत. ते ठिकाण या घरापासून सुमारे चार किलोमीटर दूर आहे. रात्री पुन्हा अभ्यास. भूक लागली की ते ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांतले चार पापड भाजून खात, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. ज्या मुलाला शाळेत इतर मुलांपासून दूर, गोणपाटावर बसावे लागले होते, त्याने ही पदवी मिळवली.

हे घर आज आपल्याला पाहायला मिळते, यामागेही एक गोष्ट आहे. लंडनमध्ये घरांवर अशा पाट्या लावण्याची योजना १८६६ साली सुरू झाली. पहिली पाटी १८६७ मध्ये कवी बायरन यांच्या जन्मघरावर लावली. पण १८८९ साली ते घरच पाडले गेले. घर गेले आणि पाटीही गेली. तेव्हा पाटी लावली म्हणजे घर सुरक्षित झाले, असे नाही. किंग हेन्रीज रोडवरचे हे घर २०१४ साली विक्रीला निघाले. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी ते महाराष्ट्र शासनाच्या ध्यानी आणून दिले. २०१५ साली शासनाने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे पुन्हा अडचण आली. राहत्या वस्तीत लोकांनी येऊन पाहायचे स्मारक असू नये, असे काही शेजाऱ्यांचे म्हणणे होते. तेथील पालिकेने परवानगी नाकारली. दोन्ही बाजूंची चौकशी होऊन अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या सरकारने स्मारकाला मंजुरी दिली. कोणीतरी वेळीच लक्ष दिले, म्हणून आपले दुसरे कोडे जागेवर राहिले.

आता टेकडीच्या बाजूने चालू लागा. तिसरे कोडे सोपे आहे : 'शंभर अधिक बावीस. दारावर त्याची पाटी, ज्याने गिरणीमालकाच्या घरी जन्म घेऊन कामगारांचे दुःख लिहिले.'

रीजंट्स पार्क रोडवर १२२ क्रमांकाचे घर आहे. येथे फ्रेडरिक एंगल्स हे जर्मन विचारवंत १८७० ते १८९४ पर्यंत राहिले. त्यांचे वडील कापड गिरणीचे भागीदार होते. इंग्लंडमधील गिरण्यांत काम करणारी माणसे कशी राहतात, कशी आजारी पडतात, हे एंगल्स यांनी हिंडून पाहिले आणि १८४५ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे मित्र कार्ल मार्क्स याच बाजूला, चालत जाण्याइतक्या अंतरावर राहत.

चौथे कोडे जरा कठीण आहे :

'चंद्रकोरीसारख्या वळणाच्या गल्लीत मी आहे. सात हजारांहून अधिक बेटांच्या देशातला एक डॉक्टर माझ्याकडे राहत होता. तो रोज कोठे जात असे? आधीच्या एका घरातला माणूसही तेथेच जात असे. ते ठिकाण कोणते?'

गल्लीचे नाव चॅल्कॉट क्रेसेंट. क्रेसेंट म्हणजे चंद्रकोर. आसपासची काही घरे गुलाबी, पिवळ्या, आकाशी रंगांनी रंगवलेली आहेत. ३७ क्रमांकाच्या घरावरील पाटीवर होझे रिझाल हे नाव आहे. रिझाल हे फिलिपिन्सचे लेखक, डोळ्यांचे डॉक्टर आणि राष्ट्रीय वीर. त्यांच्या देशावर तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य होते. 'आम्ही येण्यापूर्वी तुम्ही अडाणीच होता,' असे राज्यकर्ते सांगत. हे खरे आहे का, हे रिझाल यांना तपासायचे होते. १८८८ साली ते लंडनला आले. येथे त्यांना १६०९ साली छापलेले एक दुर्मीळ पुस्तक मिळाले. त्यात फिलिपिन्सच्या लोकांचे जुने जीवन वर्णन केलेले होते. रिझाल यांनी ते पुस्तक हाताने उतरवून घेतले, त्याला टिपणे जोडली आणि १८९० साली पॅरिसहून ते पुन्हा छापले. १८९६ साली स्पेनच्या राज्यकर्त्यांनी त्यांना गोळ्या घालून ठार केले. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते.

ते पुस्तक रिझाल यांना कोठे मिळाले? ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात! आता थोडे थांबा आणि विचार करा. किंग हेन्रीज रोडवरचे घर येथून थोड्याच अंतरावर आहे. रिझाल १८८८ साली या वस्तीत राहिले, बाबासाहेब १९२१ साली. दोघांची भेट होणे शक्यच नव्हते. पण दोघेही परक्या राज्याखालील देशांतून आले होते. दोघांनाही आपल्या माणसांना कमी लेखणाऱ्यांना उत्तर द्यायचे होते. आणि दोघेही उत्तर शोधायला एकाच ग्रंथालयात जात. मार्क्सही तेथेच वाचत असत. १८५७ साली उघडलेले तेथील मोठे वाचनदालन गोल होते, वर भव्य घुमट होता. १९९७ साली ते वाचकांसाठी बंद झाले आणि ग्रंथालय नव्या इमारतीत गेले.

फोनने आपल्याला एकेका पाटीपर्यंत आणले. पण एका पाटीचा दुसऱ्या पाटीशी असलेला संबंध कोणत्याही पाटीवर लिहिलेला नाही. तो आपण जुळवला. या शोधयात्रेतला खजिना तोच.

एक कोडे अजून उरले आहे. टेकडीवर चढू. ती फार उंच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६३ मीटर. पण माथ्यावरून निम्मे लंडन नजरेत येते. दूरवर सेंट पॉल चर्चचा घुमट शोधा. टेकडी उतरून पलीकडे गेले की रीजंट्स कालवा लागतो. हा संपूर्ण कालवा १८२० साली खुला झाला. सपाट तळाच्या लांब नावांतून कोळसा, लाकूड, धान्य जात असे. नावांना शीड नसे की इंजिन नसे. काठावरून घोडा चाले आणि दोरखंडाने नाव ओढी.

काठाकाठाने मॅकल्सफील्ड पुलाखाली या. पाचवे कोडे वाचा : 'लोखंडी खांबांवर बोट फिरवा. चरे कशाचे? आणि ते दोन्ही बाजूंना का?'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला लगेच येईल. जुन्या विहिरीच्या काठच्या दगडावर दोराने पडलेले चरे तुम्ही पाहिले असतील. तसेच येथे घोड्याच्या दोरखंडाने पडले. पण दोरखंड घासणार तो खांबाच्या कालव्याकडच्या बाजूला. मागच्या बाजूला चरे कसे पडले?

२ ऑक्टोबर १८७४ रोजी पहाटे बंदुकीची दारू घेऊन जाणारी एक नाव नेमकी या पुलाखाली आली आणि तिचा स्फोट झाला. नावेवरील तीन माणसे मरण पावली. पूल उडाला. पण भक्कम लोखंडी खांब शाबूत राहिले. पूल पुन्हा बांधताना तेच खांब वापरले, पण उलट बाजूने फिरवून बसवले. म्हणून जुने चरे मागे गेले आणि नव्या दोरखंडांनी पुढच्या बाजूला नवे चरे पाडले. चऱ्यांच्या त्या दोन रेघांमध्ये एक भयंकर पहाट लपलेली आहे. रोज कितीतरी लोक त्या खांबांवरून नजर न टाकता पुढे जातात. आता तुम्ही तसे जाणार नाही.

आपली शोधयात्रा येथे संपली. तुम्ही म्हणाल, लंडन तर फार दूर आहे. मग आपल्याच गावात, आपल्याच पेठेत अशी शोधयात्रा रचा. फोन नसला तरी अडत नाही. कागदाच्या चिठ्ठ्या चालतात. जुनी वेस, बारव, वाडा, वीरगळ, देवळाच्या पायरीवरील अक्षरे, शाळेच्या भिंतीवरील कोनशिला, गिरणीची चिमणी, रेल्वेचे जुने स्थानक, यांतल्या पाच जागा निवडा. प्रत्येक जागेवर स्वतः जा. तेथे काय कोरले आहे, काय झिजले आहे, काय नंतर बसवले आहे, ते टिपून घ्या. मग असे कोडे तयार करा, की ते तेथे उभे राहून पाहिल्याशिवाय सुटणारच नाही.

एक काम मात्र आठवणीने करा. आजीआजोबांना किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा : गावातली पहिली शाळा कोणाच्या ओसरीवर भरत असे? कोणती विहीर कोणी सर्वांसाठी खुली केली? दूर शिकायला जाणारे पहिले मूल कोणत्या घरातले? अशा घरांवर बहुधा पाटी नसते. सांगणारे आहेत तोवर ती माहिती आहे. ती वहीत लिहून घ्या, खाली सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला. मग पुठ्ठ्याचा एक गोल कापा, तो निळा रंगवा आणि पांढऱ्या अक्षरांत लिहा. तुमच्या शोधयात्रेची पहिली पाटी तयार होईल.